उंबऱ्यातला उजेड

चार वाजता मारोती घरी येतात, असं कौशल्याबाई दुर्गे यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मारोती त्यांचे यजमान. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

हे सांगताना त्या चहा गाळत होत्या. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यासमोर गुडघे टेकून माझं यंत्र जमिनीवर मांडत होते. त्यांची हरकत फक्त जागेला होती.

"तिथं नका ठेवू जी, मॅडम. ते तिथंच बसतात."

"कोण?"

"आमचे हे. पहिली पाळी सुटली का येतात. उंबऱ्यात बसून बूट काढतात. मंग जातात."

माझ्याबरोबर आलेले उपगन्लावार दारात रुमालाने मान पुसत उभे होते. खाण कंपनीच्या सुरक्षा विभागात यंत्रं सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, चारच्या आत आटपा. नाहीतर दुर्गेमामाची हजेरी लावा लागंल."

"हसा साहेब," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसनं त्याइची हजेरी कापली होती, ते काही विसरले नाहीत."

उपगन्लावार हसले आणि त्यांनी कप हातात घेतला. या घराशी त्यांची जुनी ओळख होती, हे त्या एका वाक्यावरून कळत होतं.

मी पुण्याहून आले होते. प्रकाशाच्या साहाय्याने हवेतले वायू ओळखणं हा माझ्या संशोधनाचा विषय. वर्धा नदीच्या काठची ती कोळशाची खाण कधीच बंद झाली होती. तिच्या तोंडांवर विटांच्या भिंती होत्या. खालच्या गल्ल्या मात्र तशाच पोकळ राहिल्या होत्या आणि त्यांच्यावर कामगारांची जुनी चाळ उभी होती. माणसं डोकं दुखण्याची तक्रार करू लागली तेव्हा कंपनीने काही घरांच्या भिंतींवर कार्बन डायऑक्साइड मोजणारी छोटी यंत्रं बसवली. त्यांचे आकडे ठीक होते. तरी तक्रारी थांबेनात, म्हणून ती यंत्रं माझ्या लेसरशी ताडून पाहायचं ठरलं. दुर्ग्यांचं घर यादीत पहिलं होतं. तक्रार त्यांच्या मुलीची, वनिताची होती.

वनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आतली खोली तिची. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासलेल्या, मागचं दार पोत्याने बंद केलेलं. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, सव्वा महिना खोली उघडायची नाही, हा कौशल्याबाईंचा नियम. त्यात पंधरवडा उलटला होता. कोपऱ्यात जमिनीवर तेलाचा दिवा तेवत होता. वनिता गोधडीवर पडली होती आणि तिच्या कुशीत मुलगी झोपली होती.

वनिता म्हणाली की दुपार झाली की तिचं डोकं जड होतं, झोप आवरत नाही. शेगडीमुळे होत असेल म्हणून आईने आठवड्यापूर्वी शेगडी बाहेर काढली होती. शेक मधल्या खोलीत देत होत्या. पण फरक नव्हता. बाळ कसं आहे म्हणून विचारलं तर दोघी एकदम म्हणाल्या, फार गुणी. रडतच नाही.

आतल्या खोलीच्या भिंतीवर, मागच्या दाराच्या चौकटीशेजारी, डोक्याच्या उंचीवर कंपनीचं यंत्र होतं. आकडा चारशे वीस, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढा वायू. नदीकाठी उघड्या माळावर उभं राहिलं तरी साधारण तेवढाच आला असता.

"पाहा," उपगन्लावार म्हणाले. "आपली हवा फस्क्लास आहे."

मी माझी पेटी मधल्या खोलीत ठेवली होती. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा किरण निघणार होता. उंबऱ्याच्या वर वीतभर उंचीवरून तो आतल्या खोलीत जाणार, समोरच्या भिंतीशी ठेवलेल्या छोट्या आरशावर आपटून त्याच वाटेने परत येणार. कौशल्याबाईंना यात रस वाटला. पेटीच्या पडद्यावर दोन आकडे कशाचे, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पहिला किती उजेड परत आला त्याचा, दुसरा त्यातला वायूने किती खाल्ला त्यावरून काढलेला.

"वायू उजेड खाते?"

"थोडासा. त्याच्या आवडीचा एकच रंग असतो, तेवढाच खातो. बाकीचा सोडून देतो."

"आणि माणूस मधी बसला तर?"

"तर सगळाच अडतो. पहिला आकडा शून्य होतो."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग राहू द्या तिथंच," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनले तरी दिसतील."

आरसा ठेवायला मी आत गेले तेव्हा उंबऱ्याजवळची फरशी एका बाजूने खचलेली दिसली. फटीत बोट जाईल एवढी जागा होती. मी वनिताला विचारलं की ही फट केव्हाची. तिला माहीत नव्हतं. दिव्यात तेल घालत कौशल्याबाई म्हणाल्या की फट मागच्या पावसाळ्यातली. आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी दिव्याचंही सांगितलं. बाळाजवळचा दिवा विझू द्यायचा नसतो, पण रोज चारला तो विझतो. त्या पुन्हा लावतात.

"तेच विझवतात. खाणीतल्या माणसाले उघडी ज्योत खपत नाही."

मी उठून उभी राहिले. मागचं दार आणि खिडकी आत्ताच्या आत्ता उघडू या, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी समजावून सांगितलं की दिवा विझतो म्हणजे तिथल्या हवेत प्राणवायू कमी पडत असणार, आणि त्याच उंचीवर बाळ झोपलेलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"ते मशीनही तुमचंच ना? ते काय सांगते?"

मी उपगन्लावारांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "मॅडम, मशीन स्वच्छ सांगून राहिली. वातीत कचरा असंल. कायले बाळंतिणीच्या खोलीत भांडण?"

मी विचारलं, हे यंत्र शेवटचं केव्हा तपासलं होतं. त्यांनी सांगितलं की तपासायची गरजच नसते. बनवणाऱ्यांनी तशी सोय केली आहे, ते स्वतःचं स्वतः सुधारत राहतं. "माणसापेक्षा बरं," ते म्हणाले.

पुढचं सगळं त्या ‘स्वतःचं स्वतः’मध्ये होतं, पण ते मला अर्ध्या तासाने कळलं.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. चैत्रातलं अवकाळी, वारा एकदम पडलेला. मी किरण सुरू केला. पहिला आकडा भरपूर उजेड दाखवत स्थिर झाला. दुसरा दोन हजारांवर आला, मग तीन हजारांवर. भिंतीवरचा आकडा चारशे तीस.

दोन यंत्रं एकाच खोलीबद्दल वेगवेगळं बोलत होती. कोणतं खरं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. माझी पेटी नागपूरपासून जीपमध्ये आदळत आली होती. उपगन्लावारांनी नेमकी तीच शंका काढली, आणि ती चुकीची नव्हती. मी पेटीच्या खुणा पुन्हा जुळवायला बसले. कौशल्याबाई चुलीपाशी होत्या. वनिता झोपली होती.

तेवढ्यात पहिला आकडा पडला.

हळूहळू उतरला असता तर मी समजले असते की काचेवर धूळ बसली, किंवा पेटी तापली. तो एकदम शून्यावर गेला. पडद्यावर एकच ओळ आली: प्रकाश परत येत नाही.

"बसली तुमची मशीन," उपगन्लावार म्हणाले.

मला वाटलं, वनिताने कूस बदलली आणि गोधडीच्या टोकाने आरसा सरकला. तेवढंच पाहायला मी उठले. उंबरा ओलांडताना घोट्यांना गार हवा लागली. बाहेर घामाने अंग चिकटत असताना तिथे, पावलांपाशी, विहिरीत उतरल्यासारखा गारवा होता. ओल्या मातीचा आणि कुजलेल्या लाकडाचा वास होता. मी आरशाशी बसले. आरसा जागेवर होता. मी आणखी खाली वाकले, गाल फरशीजवळ नेला, आणि माझा श्वास जोरजोरात चालू लागला. चार जिने धावत चढल्यावर लागतो तसा. छाती भरत होती आणि पुरत नव्हतं.

कोपऱ्यातली ज्योत वातीपासून सुटली. क्षणभर ती वातीच्या वर, हवेत, निळसर होऊन उभी राहिली. मग नव्हती.

मी बाळाकडे पाहिलं. तिचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते.

मी तिला उचललं आणि उपगन्लावारांना वनिताला ओढा म्हणून सांगितलं. मी ओरडले नाही असं मला वाटतं, पण ते नंतर म्हणाले की माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला. त्यांनी वनिताच्या काखेत हात घातले आणि गोधडीसकट तिला बाहेर खेचलं. कौशल्याबाई मधल्या खोलीत उभ्या होत्या. मी बाळाला घेऊन त्यांच्या अंगावरून गेले तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या उंबऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून वाट दिली. ती वाट माझ्यासाठी नव्हती; मला हवी होती त्याच्या उलट बाजूला त्यांनी ती दिली होती.

अंगणात मी बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या. पाठ चोळली. काही झालं नाही. पुन्हा चोळली. वनिता ओसरीच्या पायरीवर ओकत होती. शेजारच्या बायका जमल्या. मग बाळाने तोंड उघडलं, त्यातून आधी आवाज निघाला नाही, आणि नंतर ती जी रडायला लागली ती दवाखान्याच्या दारापर्यंत थांबली नाही. जीप येईपर्यंत कौशल्याबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रड, रड, एवढंच म्हणत होत्या.

जीप गेल्यावर उपगन्लावारांनी एक काम केलं, ज्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ते तोंडावर ओला रुमाल बांधून, श्वास रोखून आत गेले, भिंतीवरचं यंत्र उपटून घेऊन आले आणि अंगणाच्या मधोमध स्टुलावर ठेवून त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्याला बॅटरी होती, ते चालू होतं.

आकडा उतरत गेला. चारशे, तीनशे, शंभर. शेवटी शून्यावर येऊन थांबला.

"हे कसं काय?" ते म्हणाले.

कार्बन डायऑक्साइड अजिबात नाही अशी मोकळी हवा पृथ्वीवर कुठेच नाही. ते यंत्र आभाळाखाली उभं राहून अशक्य गोष्ट सांगत होतं, आणि त्यावरून मला ते कळलं. ही यंत्रं मुळात कचेऱ्यांसाठी बनवलेली. कचेऱ्या रात्री रिकाम्या होतात, सकाळी खिडक्या उघडतात. म्हणून बनवणाऱ्यांनी त्यांना सवय लावून ठेवलेली असते: आठवड्यातला सगळ्यांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं धरून चालायचं. ही खोली पंधरा दिवस उघडलीच नव्हती. तिच्यातली सगळ्यांत बरी हवासुद्धा वाईट होती. यंत्राने तीच स्वच्छ धरली आणि रोज दुपारी ती आणखी बिघडली तरी मोजणी चुकीच्या जागेपासून केली; शिवाय जड वायू जमिनीलगत राहत होता आणि ते डोक्याच्या उंचीवर होतं.

चार वाजण्याचंही कारण होतं. हवेचा दाब दररोज दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी होतो. वरचा भार हलका झाला की बंद खाणी फटींतून श्वास सोडतात. कोळशाने वर्षानुवर्षं प्राणवायू शोषून घेतलेली जड हवा वर येते आणि जमिनीलगत पसरते. त्या दिवशी येऊ घातलेल्या वादळामुळे दाब आणखी उतरला होता. अशा हवेत डोकं जड होतं, भास होतात. हे सगळं मी अहवालात लिहिलं. चाळ महिन्याभरात रिकामी झाली.

एक गोष्ट लिहिली नाही असं नाही, पण एका ओळीत लिहिली. माझी पेटी परत आणायला मी श्वास रोखून मधल्या खोलीत गेले तेव्हा पडद्यावरची ती ओळ गेली होती. उजेड पूर्वीइतकाच परत येत होता. मी आरशाला हात लावला नव्हता, पेटीला लावला नव्हता. गोधडी बाहेर ओढली गेली होती, पण ती किरणाच्या वाटेत कधीच नव्हती. दुसरा आकडा आता ऐंशी हजार होता. म्हणजे वायू भरपूर होता, त्याने त्याचा तो एक रंग खाल्ला होता आणि बाकीचा उजेड सोडून दिला होता. तो तसाच वागतो. अहवालात मी लिहिलं: काही मिनिटं प्रकाश खंडित, कारण अज्ञात. तपासणाऱ्यांनी त्या ओळीवर प्रश्न विचारला नाही.

मारोती दुर्गे कसे गेले, ते मला उपगन्लावारांनी जीपमध्ये सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पहिली पाळी सुटताना तिघं जण परतत होते आणि जवळची वाट म्हणून एका जुन्या गल्लीतून निघाले. मारोती पुढे होते. ते मध्येच खाली बसले. मागचे दोघं अंधारात त्यांना अडखळून पडले, शिव्या दिल्या, मग त्यांना ओढत मागे आणलं. तोवर संपलं होतं. पुढे गल्लीत हवा तपासायचा ज्योतीचा बंदिस्त दिवा धरून पाहिला तर तो विझला.

"वाटंत आडवे बसले नसते तर तिघंही गेले असते," उपगन्लावार म्हणाले.

डिसेंबरात मी पुन्हा गेले. चाळीतल्या लोकांना नदीपलीकडे नवी घरं मिळाली होती, खाली अखंड खडक, खाण नाही. तिथली हवा एकदा मोजायची होती. कौशल्याबाईंचं घर आता तीन खोल्यांचं होतं, मागे परसात उघडणारं दार होतं, खिडक्या सताड उघड्या. पुन्हा माहेरी आलेली वनिता अंगणात कपडे वाळत घालत होती. तिची मुलगी, मैत्री, रांगायला लागली होती आणि कारण नसताना मोठ्याने रडत होती. घरात कोणी तिला गप्प करत नव्हतं.

कौशल्याबाई वाळल्या होत्या. नवं घर चांगलं आहे, पाणी येतं, म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून त्यांनी विचारलं की मशीन कुठं लावणार.

"कुठेही चालेल."

"मंग उंबऱ्यात लावा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुढे म्हणाल्या, "डॉक्टर म्हणे, ते सगळं वायूनं दिसत होतं. असंल. मी काही शिकली नाही. इथं वायू नाही, त्यामुळं मले काही दिसत नाही. पण तुमच्या मशीनले तर भास होत नाही ना?"

मी नाही म्हटलं.

पेटी ओसरीत ठेवली, आरसा समोरच्या भिंतीशी. किरण उंबऱ्यावरून वीतभर उंच. भिंतीवर नवं यंत्र होतं. त्याची ती स्वतःला सुधारायची सवय मी आधीच बंद करून ठेवली होती. ते चारशे दहा दाखवत होतं. माझ्या पेटीवरही तेच. दोन्ही यंत्रांचं एकमत होतं. कौशल्याबाई माझ्या शेजारी पाटावर बसल्या. आम्ही वनिताच्या सासरबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही टाळलं.

पहिला आकडा शून्य झाला.

मैत्री रांगत उंबऱ्यापाशी आली होती आणि किरणाच्या मधोमध बसली होती. कौशल्याबाईंनी श्वास सोडला आणि हसल्या. मीही हसले. मुलगी चौकटीला पाठ लावून बसली नव्हती. ती चौकटीकडे तोंड करून बसली होती. तिचं रडणं थांबलं होतं. तिने खाली, जमिनीलगत काहीतरी धरायला हात पुढे केला, बुटाचे बंद ओढावेत तसा, आणि मग वर बघून खिदळली.

आजीने तिला हाक मारली. ती उंबरा ओलांडून रांगत आली आणि त्यांच्या मांडीवर चढली.

"आली का ती बाजूला?" कौशल्याबाईंनी विचारलं. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या.

"आली."

"मंग आता?"

मी पाहिलं. भिंतीवर चारशे दहा. माझ्या पडद्यावर तीच ओळ होती: प्रकाश परत येत नाही.

मी तोंड उघडलं. त्यांनी तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतला.

आरसा तपासणं माझं काम होतं आणि आरसा आत होता. मी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, तिथे थांबले. मग पायरी उतरून घराला वळसा घातला आणि मागच्या दाराने आत गेले.